कुत्र्याची भाषा आणि घरची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले की, यंदा प्रत्येकीने स्वतःच्या हाताने केलेल्या एखाद्या कामाविषयी चार शब्द बोलायचे. कोणी चिकूच्या लोणच्यावर बोलले, कोणी बचतगटाच्या हिशेबावर. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची मला सवय नाही. पण गेली तीन वर्षे मी एक काम नेमाने केले आहे, आणि ते म्हणजे कुत्रा शिकवणे. तुम्ही हसाल हे मला ठाऊक होते. हसून घ्या, मग ऐका. कारण हा विषय वाटतो तेवढा पुरुषांचा नाही.

आपल्याकडे डहाणूपासून बोर्डी-घोलवडपर्यंत आणि तिकडे तलासरीच्या बाजूलाही घर म्हणजे बहुधा वाडीतले घर. एका घराची हाक दुसऱ्या घराला ऐकू जाईलच असे नाही. झाडावर माल तयार असतो, विहिरीवर पंप असतो, रात्री पुरुषमाणूस गाडी घेऊन बाहेर गेलेला असतो. मग कुत्रा लागतोच. पूर्वी दारचा गावठी कुत्रा पुरत असे. आता पुष्कळ घरी विलायती जातीचे कुत्रे येऊ लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांना शिकवणारे मास्तरही येऊ लागले आहेत.

आमच्याकडेही तसेच झाले. यांनी एक जर्मन शेफर्ड आणला. आमचे सासरे त्या जातीला अल्सेशियन म्हणत. हे नाव कसे पडले तेही गमतीचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी या कुत्र्याचे नाव बदलले. 1977 साली त्यांच्या केनेल क्लबने जुने नाव परत मान्य केले. माणसांच्या भांडणात कुत्र्याचेसुद्धा नाव बदलते ते असे!

कुत्र्याला शिकवायला एक मास्तर येत. अंगणात उभे राहून ते काहीतरी अनोळखी शब्द मोठ्याने म्हणत आणि कुत्रा बसे, उठे, लोळे. आमची धाकटी मुलगी म्हणाली, "आई, मास्तर शिव्या देतात का गं?" त्या शिव्या नव्हत्या, जर्मन भाषेतले हुकूम होते. यांनी ते पाठ केले, मोठ्या मुलाने केले. मी आणि माझी जाऊ दोघी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होतो. आम्हांला कोणी शिकवले नाही आणि शिकायचे का, असेही कोणी विचारले नाही. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ जेवण घालायचे आम्ही, त्याचे अंग धुवायचे आम्ही, दिवसभर त्याच्याबरोबर घरात राहायचे आम्ही. पण त्याची भाषा मात्र जे दिवसभर बाहेर असतात त्यांनाच येत होती.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका वाडीत एक गोष्ट घडली. नाव-गाव सांगत नाही. त्या घराला लाज आणण्याचा माझा हेतू नाही. त्यांचाही कुत्रा असाच शिकवलेला. मालक कामासाठी वापीला गेले होते. पाड्यावरची एक बाई नेहमीप्रमाणे सकाळी कामाला आली, तिच्या हातात चिकू काढायची लांब काठी होती. कुत्र्याला काय वाटले कोण जाणे, त्याने धावत जाऊन तिचा हात धरला. घरची सून धावली. "सोड, सोड!" म्हणून ओरडली, पाणी मारले, चप्पल मारली. कुत्रा सोडीना. सोडण्याचा शब्द त्याला एकच माहीत होता, आणि तो शब्द वापीला गेला होता! शेवटी फोन लावला आणि मालकांचा आवाज ऐकवला तेव्हा त्याने हात सोडला. बाईच्या हाताला टाके पडले. दीड महिना तिची मजुरी बुडाली.

मी त्या बाईला भेटायला गेले होते. ती रागाने बोलली नाही. एवढेच म्हणाली, "त्याला कोणती बोली कळते ते आम्हांला कोणी सांगितलेच नाही." भगिनींनो, तिचे ते वाक्य मी विसरू शकले नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलाची जुनी वही घेतली आणि मास्तरांना म्हटले, "सगळे शब्द मला सांगा, मी मराठीत लिहून घेते."

ते शब्द आज तुम्हांलाही सांगते. "झिट्स" म्हणजे बस. "प्लाट्स" म्हणजे खाली पड. "ब्लाइप" म्हणजे आहेस तिथेच थांब. "हिअर" म्हणजे इकडे ये. "नाइन" म्हणजे नाही, नको. "ब्राव्ह" म्हणजे शहाणा, ही शाबासकी. "फूस" म्हणजे पाय. हा शब्द उच्चारला की कुत्र्याने आपल्या डाव्या पायाशी चिकटून चालायचे. आपल्याकडे फूस लावणे म्हणजे भलतीकडे नेणे, आणि तिकडे फूस म्हणजे सरळ चालणे! "गिब लाउट" म्हणजे भुंक. "झूख" म्हणजे वास घेऊन शोध. आणि "फास" म्हणजे धर, चाव. आपल्या भाषेतही फास चांगला नव्हे, त्यांच्याही नव्हे. या सगळ्यांत मोठा शब्द "आउस". आउस म्हणजे सोड. माझे म्हणणे असे की, ज्याला कुत्र्याची हौस, त्याला आधी आउस आला पाहिजे.

आता हे जर्मन शब्द आपल्या वाडीत आले कुठून? मी विचारत गेले, थोडे वाचले, मुलाने मोबाइलवर शोधून दिले. जर्मनीत मेंढरे राखणारे कुत्रे होते. माक्स फोन श्टेफानिट्स नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांतला एक उत्तम कुत्रा निवडून 1899 साली या जातीची संस्था काढली. पुढे त्या लोकांनी कुत्र्यांची परीक्षा सुरू केली. तिला शुट्झहुंड म्हणतात, म्हणजे राखणदार कुत्रा. त्या परीक्षेत तीन विषय: वासावरून माग काढणे, हुकूम पाळणे आणि राखण करणे. राखणीच्या विषयात कुत्रा धरतो, पण माणसाच्या हातावर चढवलेली जाड बाही धरतो. आणि सोड म्हटल्यावर जो सोडत नाही तो परीक्षेतून बाद! हे मला फार महत्त्वाचे वाटले. ज्यांनी ही विद्या काढली त्यांनी चावण्याइतकाच मान सोडण्याला दिला. आपल्याकडे येताना पुष्कळदा चावणे तेवढे येते आणि सोडणे मागे राहते.

डॉबरमन हीही तिकडचीच जात. आपोल्डा गावी डोबरमान नावाचा एक करवसुली करणारा गृहस्थ होता. पैसे घेऊन फिरताना सोबत असावी म्हणून त्याने ही जात तयार केली. रॉटवायलर हे नाव रॉटवाइल या गावावरून पडले. तिथले खाटीक आपली गुरे हाकायला ते कुत्रे वापरीत. म्हणजे कुत्रेही जर्मन, त्यांना शिकवणारेही जर्मन. तिथून शिकवलेले कुत्रे देशोदेशी गेले तेव्हा कुत्र्याला नवी भाषा शिकवण्यापेक्षा मालकाने दहा-बारा शब्द शिकावे हे सोपे पडले. हे त्यातले खरे कारण.

लोक दुसरे कारण सांगतात की, परकी भाषा असली म्हणजे चोर कुत्र्याला हुकूम देऊ शकत नाही. हे मला फारसे पटत नाही. कुत्रा आधी माणूस ओळखतो, मग शब्द. अनोळखी माणसाने शुद्ध जर्मनमध्ये सांगितले तरी नीट शिकलेला कुत्रा त्याचे सहसा ऐकत नाही. आणि ज्याला कुत्र्याला बिथरवायचे आहे तो शब्दाची वाट बघत बसत नाही.

तिसरे कारण मात्र आपल्या घराला अगदी लागू आहे. आपल्या घरात दिवसभर "बस" हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. पाहुण्याला बस, मुलाला अभ्यासाला बस, "आता बस झाले" हेही बस. "ये", "थांब", "नको" हेही तसेच. कुत्रा बिचारा ऐकून ऐकून शेवटी ऐकेनासा होतो. शिवाय आमच्या वाडीत घरी मराठी, कामकऱ्यांची वारली, व्यापाऱ्याची गुजराती, ट्रकवाल्याची हिंदी. अशा बाजारात जो शब्द दुसऱ्या कोणत्याच कामाला लागत नाही तो कुत्र्याला स्वच्छ कळतो.

आणि जनावराची भाषा वेगळी ठेवणे ही काही फक्त जर्मनांची अक्कल नव्हे. आपल्या आजीला ती होती. कुत्र्याला बोलवायला "यू यू", हाकलायला "हाड्", अंगावर सोडायला "छू". पाहुण्याला कोणी हाड् म्हणते का? तो शब्द जनावरासाठीच राखून ठेवलेला आहे. फरक एवढाच की आपल्याकडे यू, हाड् आणि छू आहे. पण "सोड" साठी राखून ठेवलेला शब्द नाही. तो आपण घ्यावा. जर्मन घ्या, मराठी घ्या, वारली घ्या; पण घरातल्या सगळ्यांचा एकच असू द्या.

आमच्याकडे मोत्या नावाचा गावठी कुत्राही आहे. मास्तर म्हणाले होते की गावठी कुत्रा शिकत नाही. मी त्याला मराठीतच शिकवले. "खाली", "जाग्यावर" आणि "टाक" एवढे तीन शब्द. महिनाभरात शिकला. आपल्या मातीतले कुत्रे कमी आहेत असे मानायचे कारण नाही. विजापूर-बागलकोटकडचा मुधोळ कुत्रा तर आपल्या लष्कराने मेरठच्या केंद्रात नेऊन शिकवला आहे. मुधोळचे घोरपडे राजे या कुत्र्यांचे मोठे शौकीन होते.

शिकवायचे कसे, हेही थोडक्यात सांगते. कारण बायकांना हे पुरुषांपेक्षा लवकर जमते असे मी पाहिले आहे. मुलांना वाढवताना लागते तेच इथे लागते.

पहिली गोष्ट, शब्द एकदाच म्हणायचा. "बस, बस, बस रे, बस म्हटले ना" असे केले तर कुत्रा चौथ्या हाकेला बसायला शिकतो. दुसरी गोष्ट, शब्दाबरोबर हाताची खूण एकच ठेवायची. तिसरी, केल्याबरोबर तिथल्या तिथे बक्षीस. उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा नखाएवढा तुकडा पुरतो. थोड्या वेळाने दिला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे-मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला कधी देऊ नये, ते त्याला बाधते. चौथी, सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. आणि त्याला येते त्या गोष्टीवरच धडा संपवायचा. पाचवी, मारायचे नाही. मार खाल्लेला कुत्रा ऐकतो भीतीने आणि चावतोही भीतीनेच.

"सोड" शिकवायची रीत अशी. त्याच्या तोंडात दोरीची गाठ किंवा चिंधीचा चेंडू द्यावा. मग नाकाशी अंड्याचा तुकडा धरावा. तुकड्यासाठी तो तोंड उघडतो. उघडताना शब्द म्हणावा, तुकडा द्यावा, आणि लगेच चेंडूही परत द्यावा. हे परत देणे विसरू नये. सोडले म्हणजे आपले गेले, असे त्याला वाटता कामा नये. सोडले की उलट दोन गोष्टी मिळतात हे कळले, की तो आनंदाने सोडतो. आधी घरचे एक माणूस, मग दुसरे, मग तिसरे, असे करत सगळ्यांच्या तोंडून तो शब्द त्याला ऐकवावा.

मी तसे केले. माझ्या जावेने केले, मुलीने केले. मग मी वाडीत कामाला येणाऱ्या सहाही जणींना बोलावले. कुत्र्याला दोरीने धरून प्रत्येकीची ओळख करून दिली, त्यांच्या हातून त्याला तुकडा देववला आणि "आउस" शिकवला. मास्तरांना हे आवडले नाही. म्हणाले, "ताई, असे सगळ्यांना सांगितले तर उद्या चोरालासुद्धा कळेल." मी म्हटले, "चोराला कळले तर चार चिकू जातील. आमच्या बाईला कळले नाही तर तिचा हात जाईल." यांनी ते ऐकले आणि काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खळ्यातल्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत तो शब्द यांनीच लिहिला.

एक शब्द मात्र मी आमच्या घरातून काढून टाकायला लावला, तो म्हणजे "फास". अंगावर जाऊन धरायला शिकवणे हे घरगुती काम नव्हे. पोलीस आणि लष्कर ते शिकवतात, पण तिथे प्रत्येक कुत्र्यामागे ठरलेला माणूस असतो, रोजचा सराव असतो, आणि जबाबदारी कोणाची ते लिहिलेले असते. आपल्या वाडीत पहाटे अंधारात येणारा माणूस कोण असतो? शंभरातून नव्व्याण्णव वेळा तो पाड्यावरून कामाला येणारा असतो, पाणी मागायला आलेली बाई असते, चेंडू शोधायला आलेले पोर असते. चोर सावध असतो, तो कुत्रा पाहून परत फिरतो. सापडतो तो निष्पाप माणूस. राखणीला भुंकणारा कुत्रा पुरतो. तो भुंकला की दिवा लावायचे काम आपले.

मोठ्या नावाचे कुत्रेही पाहा कशाने मोठे झाले. मुंबई पोलिसांचे श्वानपथक 1959 साली तीन डॉबरमनवर सुरू झाले. मुंबई पोलिसांचाच झंजीर नावाचा कुत्रा 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर घरोघरी माहीत झाला. तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स त्याने शोधून दिले. 2000 साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात मॅक्स, सीझर, सुलतान आणि टायगर या चौघांनी काम केले. सेवा संपल्यावर हे चौघे आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरारच्या एका शेतावर राहिले आणि 2016 साली एकामागून एक गेले. यांची कीर्ती दातांनी झाली नाही, नाकाने झाली. त्यांच्यामुळे किती जीव वाचले, हीच त्यांची शौर्यकथा.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपला कुत्रा कोणाला चावला तर "त्याच्या दैवात होते" म्हणून सुटता येत नाही. आपल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्यापूर्वीही जुन्या कायद्यात असे कलम होतेच.

आणि दुसरी गोष्ट तर प्रत्येकीने लक्षात ठेवलीच पाहिजे. कुत्रा कोणताही असो, घरचा असो की रस्त्यावरचा, दात लागला की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, मिरचीपूड काही भरायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने ठरलेल्या दिवशी घ्यायची. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबायचे नाही. पिसाळी एकदा अंगात दिसू लागली की माणूस जवळजवळ हातचा गेलाच. पण वेळेवर लस घेतली तर तो वाचतो. कुत्र्यालाही दर वर्षी लस टोचून घ्यावी. डोंगराकडच्या पाड्यांवर बिबट्याची भीती असते, तिथे रात्री कुत्रा बाहेर साखळीने बांधू नये. पळताही येत नाही अशा जागी त्याला ठेवणे हा अन्याय आहे. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो हेही ध्यानात असू द्या.

शेवटी मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी शिकवलेला कुत्रा आहे, त्या प्रत्येकीने त्याचे सगळे शब्द विचारून घ्यावेत आणि मोठ्या अक्षरांत दाराजवळ लिहून ठेवावेत. शिकवणारे मास्तर घरी आले तर चहा देऊन आत जाऊ नये. अंगणात उभे राहावे आणि दोरी आपल्या हातात मागून घ्यावी. "बायकांचे ते ऐकत नाही" असे कोणी म्हटले तर खुशाल सांगावे, ज्याच्या हातून जेवतो त्याचे तो ऐकतो, फक्त त्याला सांगायचे शब्द आम्हांला द्या. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनाही ते शब्द माहीत असलेच पाहिजेत. घरात राखणदार आणायचा आणि त्याला आवरण्याची किल्ली एकट्या पुरुषाच्या खिशात ठेवायची, हे बरे नव्हे.

ज्यांना शब्द हवे असतील त्यांच्यासाठी माझी ती वही मी आज बरोबर आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर उतरवून घ्या. माझे अक्षर फार चांगले नाही, पण वाचता येते.